संगणकावरचा रेडिओ मागे का पडतो?

आमच्या गावच्या घरी ओटीवर लंबकाचं एक जुनं घड्याळ आहे. ते दिवसाला काही सेकंद पुढे पळतं. ठोके देणाऱ्या घड्याळाचा काटा मागे फिरवायचा नसतो, म्हणून अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, एक पद्धत ठरलेली होती. सकाळी घड्याळात बरोबर सात झाले की ते लंबक हाताने धरून थांबवायचे आणि रेडिओवर बातम्यांआधीचे ठोके पडले की शेवटच्या ठोक्याला लंबक सोडून द्यायचे. वयाची ऐंशी उलटली तरी स्टुलावर चढून हा कार्यक्रम रोज व्हायचा. अण्णा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. गाड्या वेळेवर सोडण्यात ज्याची तीस वर्षं गेली, त्याला मिनिटाची चूकही खपत नाही.

२०१८ साली एका सकाळी ट्रान्झिस्टरचे सेल संपले होते आणि दुकान उघडायला वेळ होता. नेमका तेव्हाच माझ्या बहिणीचा अमेरिकेतून फोन आला. ताई न्यू जर्सीत असते. आपल्याकडे सकाळचे सात वाजतात तेव्हा उन्हाळ्यात तिच्याकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. जेवणं आटोपून ती संगणकावर आकाशवाणी लावून बसते, आणि स्वयंपाकघर आवरता आवरता आपल्या सकाळच्या बातम्या रात्री ऐकते. ती म्हणाली, "अण्णा, सेल कशाला शोधताय? माझ्याकडे मुंबईच लागलंय. फोन कानाला धरा आणि ठोके ऐका." अण्णांनी एका हातात लंबक, दुसऱ्या हातात फोन धरून ठोके ऐकले आणि लंबक सोडला.

दुसऱ्या दिवशी नवे सेल घातले तेव्हा घड्याळ मागे पडलेलं निघालं. रोज पुढे पळणारं घड्याळ मागे! अण्णांनी ताईला फोन करून विचारलं, "बाई, तुमच्याकडे सात वाजून गेल्यावर सात वाजतात का?" मग दोघांनी आपापला रेडिओ लावून, फोन चालू ठेवून ताडून पाहिलं. निवेदिकेचं जे वाक्य अण्णा ऐकत होते, ते ताईकडे अर्ध्या मिनिटाने येत होतं.

इथपर्यंत गंमतच होती. पण अण्णांनी मला जो प्रश्न विचारला, त्याने माझी पंचाईत केली. ते म्हणाले, "ताईचा स्वतःचा आवाज फोनवर लगेच येतो. मध्ये खोळंबा नाही. तो फोनही इंटरनेटवरचा आणि तिचा रेडिओही इंटरनेटवरचा. मग रेडिओलाच अर्धं मिनिट कशाला लागतं?" मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस. तरी उत्तर नीट जुळवायला मला दोन दिवस लागले. तेच आज तुम्हाला सांगतो.

पहिला संशय अंतरावर येतो. अमेरिका लांब, म्हणून उशीर. पण तसं नाही. साध्या रेडिओची लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावते. मुंबईहून आमच्या गावापर्यंत, श्रीवर्धन तालुक्यात, सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आत अंतर आहे. ते कापायला लहरीला सेकंदाचा सुमारे अडीच हजारावा भाग लागतो. याउलट हवेतला आवाज फार मंद, सेकंदाला सुमारे ३४० मीटर. म्हणजे देवळाची घंटा थेट रेडिओवरून ऐकवली, तर शंभर कोसांवरच्या श्रोत्याला ती देवळाबाहेरच्या रस्त्यावरल्या माणसाआधी ऐकू येईल! रेडिओ सुरुवातीला आला तेव्हा लोकांना नवल वाटलं ते याचंच.

इंटरनेटच्या समुद्राखालच्या तारांतून प्रकाश जरा हळू जातो, सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर. तारांची वळणं, मधली यंत्रं धरली तरी मुंबईहून न्यू जर्सीला पोचायला सेकंदाचा दहावा-आठवा हिस्सा पुरतो. ताईचा फोन त्यामुळेच लगेच वाटतो. मग उरलेले एकोणतीस सेकंद गेले कुठे? ते वाटेत जात नाहीत. ते वाट बघण्यात जातात.

स्टुडिओत निवेदक बोलतो तो आवाज आधी आकड्यांत बदलावा लागतो. सीडीवर आवाजाची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेली असते, तीही डाव्या-उजव्या अशा दोन बाजूंसाठी. त्याचे सेकंदाला सुमारे चौदा लाख बिट होतात. बिट म्हणजे एक शून्य किंवा एक एक. एवढा ढीग इंटरनेटवरून वाहून नेणं पूर्वी परवडतच नव्हतं. म्हणून तो दाबून लहान करतात. इथे आपल्या कानाच्या एका उणिवेचा फायदा घेतलेला आहे. मिक्सर चालू असताना शेजारच्या खोलीतला पंखा ऐकू येत नाही ना? मोठा आवाज जवळपासच्या बारीक आवाजांना झाकून टाकतो. जे ऐकूच येणार नाही ते पाठवायचं कशाला, असा तो हिशेब. एमपी३ हे नाव ज्याला मिळालं त्या पद्धतीवर जर्मनीत एर्लांगेन इथे कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं काम केलं. 'टॉम्स डायनर' हे सुझान वेगा या गायिकेचं साथीशिवाय गायलेलं गाणं त्यांनी पुन:पुन्हा तपासायला घेतलं, कारण एकट्या मानवी आवाजात कुठे काय कापलं ते लगेच कानाला खुपतं. अशा पद्धतींनी आज बोलण्याचा कार्यक्रम सेकंदाला ६४ हजार बिटांत, म्हणजे मूळच्या बाविसाव्या भागात, छान बसतो.

पण दाबायचं तर थोडा आवाज आधी साठवून त्याच्याकडे बघावं लागतं. कोणता आवाज कोणाला झाकतो ते पुढचं-मागचं पाहिल्याशिवाय कसं कळणार? पहिला उशीर तिथे. तो सेकंदाच्या आतलाच, म्हणून सोडून देऊ.

मग हे बिट पुड्या बांधून निघतात. एका पुडीत साधारण दीड हजार अक्षरांएवढी जागा. ६४ हजार बिटांच्या रेडिओच्या सेकंदाला अशा पाच-सहा पुड्या होतात. आणि इथे साध्या रेडिओत आणि या रेडिओत मुळातला फरक येतो. रेडिओची लहर अखंड येते. पुड्या मात्र लोकांच्या इतर पुड्यांबरोबर, गर्दीतून, कधी या रस्त्याने, कधी त्या रस्त्याने येतात. एखादी लवकर येते, एखादी रेंगाळते, एखादी हरवते आणि पुन्हा मागवावी लागते. येतील तशा वाजवायच्या म्हटल्या तर आवाज तुटक येईल.

यावरचा उपाय आपल्या प्रत्येक सोसायटीच्या गच्चीवर आहे. टाकी! नगरपालिकेचं पाणी येतं कधी, जातं कधी, दाब किती, याचा भरवसा नसतो. पण टाकी भरलेली असली की घरातला नळ एकसारखा वाहतो. संगणकही तेच करतो. आलेला आवाज लगेच न वाजवता आधी आपल्या स्मरणात साठवतो, आणि पुरेसा साठा झाला की एका बाजूने भरत, दुसऱ्या बाजूने वाजवत राहतो. या टाकीला 'बफर' म्हणतात. तुम्ही स्टेशन लावल्यावर पडद्यावर जे चक्र फिरतं, ते टाकी भरत असल्याचं चिन्ह. चालता चालता रेडिओ मध्येच अडखळतो, तेव्हा टाकी रिकामी झालेली असते.

आता टाकीचा गुण आणि दोष एकच असतो. टाकी जेवढी मोठी तेवढा नळ बंद पडण्याचा धोका कमी, पण नळातून येणारं पाणी तेवढंच शिळं. दहा सेकंदांची टाकी ठेवली तर तुम्ही दहा सेकंदांपूर्वीचा आवाज ऐकणार. यातून सुटका नाही. बिनअडथळा हवं की ताजं हवं, एवढंच ठरवता येतं.

फोनचं कोडं सुटतं ते इथे. दोन माणसं बोलत असतील तर उशीर चालत नाही. मी "हॅलो" म्हटल्यावर तुम्ही दहा सेकंदांनी उत्तर दिलंत तर दोघं एकदम बोलू लागू, एकदम थांबू. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस अशी आहे की बोलणं एका बाजूने दुसरीकडे शक्यतो ०.१५ सेकंदाच्या आत पोचावं. म्हणून फोनची टाकी पेल्याएवढी असते. हरवलेली पुडी परत मागवत बसत नाहीत. एखादा शब्द खरखरला, "काय म्हणालात?" असं विचारलं, की काम भागतं. रेडिओवर उलट. निवेदिकेला कोणी "काय म्हणालात?" विचारू शकत नाही. शब्द गेला की गेला. म्हणून तिथे उशीर पत्करतात, पण शब्द गाळत नाहीत. अण्णांना मी त्यांच्याच भाषेत सांगितलं. फोन म्हणजे वेळेवर सुटणारी एस.टी., जो आला नाही तो राहिला. रेडिओ म्हणजे वऱ्हाडाची गाडी. शेवटचा पाहुणा चढेपर्यंत हलत नाही. अण्णा म्हणाले, "मग तसं सांग की! वऱ्हाडाच्या गाडीने कधी घड्याळ लावतात का?"

पण टाकी पाच-दहा सेकंदांची असली तरी चालते, मग अर्धं मिनिट कुठून आलं? त्याचं कारण पुढच्या काळातलं आहे. २००९ मध्ये ॲपल कंपनीने एक पद्धत आणली आणि पुढे ती बहुतेकांनी उचलली. तिच्यात आवाजाची अखंड धार पाठवत नाहीत. तिचे सुरुवातीला दहा-दहा सेकंदांचे आणि आता साधारण सहा सेकंदांचे तुकडे करून ठेवतात आणि ऐकणाऱ्याचा संगणक एकेक तुकडा मागून नेतो. सबंध तुकडा तयार झाल्याशिवाय तो देता येत नाही, आणि निदान तीन तुकडे मागे राहूनच वाजवायला सुरुवात करावी असा संकेत आहे. दहा-दहाचे तीन तुकडे म्हणजे तीस सेकंद. अण्णांचं अर्धं मिनिट सापडलं!

असे तुकडे का करतात? कारण तुकडा ही साधी फाइल असते. ती ठिकठिकाणच्या शहरांत साठवून ठेवता येते आणि जवळच्या माणसाला जवळून देता येते. मोबाइलचं नेट मंदावलं तर पुढचा तुकडा हलक्या प्रतीचा मागवता येतो. सोय मोठी आहे. किंमत म्हणून सेकंद मोजले.

गंमत म्हणजे ज्या संगणकावर ताईचे ठोके अर्ध्या मिनिटाने पडत होते, त्याच संगणकाच्या कोपऱ्यातलं घड्याळ अगदी बरोबर होतं. संगणक आपली वेळ इंटरनेटवरच्या अचूक घड्याळांना विचारून लावतो. विचारायला जाण्या-येण्यात किती वेळ गेला ते मोजतो आणि त्याच्या निम्मा वेळ उत्तरात मिळवतो. त्यामुळे कोपऱ्यातल्या घड्याळात साडेनऊ होऊन अर्धं मिनिट गेलेलं आणि त्याच यंत्रातून आकाशवाणी आत्ता कुठे सातचे ठोके देत असलेली, असं दृश्य रोज तिथे दिसतं. त्याला ते विसंगत वाटत नाही. आपल्याला वाटतं.

जाता जाता एक कबुली देतो. हे भाषण तुम्ही रेडिओवर ऐकलं असेल तेव्हा तेही 'ताजं' नव्हतं. ते आधीच ध्वनिमुद्रित केलेलं होतं. तेव्हा थेट प्रक्षेपणाबद्दल फार तोऱ्यात बोलण्याचा अधिकार मला नाही.

हा प्रकार सुरू कसा झाला तेही थोडक्यात सांगतो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात चॅपल हिल इथे विद्यापीठातले विद्यार्थी डब्ल्यूएक्सवायसी नावाचं एफ.एम. केंद्र चालवतात. ७ नोव्हेंबर १९९४ रोजी त्यांनी आपलं प्रक्षेपण इंटरनेटवरही सोडलं. इंटरनेटवर येणारं पहिलं रेडिओ केंद्र म्हणून बहुतेक त्यांचंच नाव घेतात, जरी आणखी एक-दोन विद्यार्थी केंद्रं त्याच सुमारास खटपट करत होती. पुढच्या वर्षी, एप्रिल १९९५ मध्ये, 'रिअल ऑडिओ' आलं आणि घरच्या टेलिफोनच्या तारेवरून, सेकंदाला १४,४०० बिटांच्या मोडेमवर, आवाज ऐकता येऊ लागला. ५ सप्टेंबर १९९५ ला सिएटल आणि न्यूयॉर्क संघांच्या बेसबॉल सामन्याचं वर्णन त्यावरून थेट ऐकवलं गेलं. आपल्याकडे सामान्य लोकांना इंटरनेट मिळालं ते त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून.

आमच्या संस्थेत नेट आलं ते एकाच संगणकावर आणि तो कार्यालयात. १९९९ मध्ये एकदा मी तिथे बसून एका परदेशी केंद्राचा कार्यक्रम लावण्याची खटपट केली. जोडणी सारखी तुटत होती. म्हटलं, फाइल फ्लॉपीवर घेऊ आणि घरी निवांत ऐकू. फाइल तत्काळ उतरली. मी खूश. घरी शेजाऱ्यांना बोलावलं, फ्लॉपी घातली, आणि काही म्हणता काही वाजेना. फाइल उघडून पाहिली तर आत एकच ओळ, त्या केंद्राचा पत्ता! गाणं नव्हतंच. आवाज कुठे मिळेल ते सांगणारी चिठ्ठी मी जपून घरी आणली होती. आजही बऱ्याच केंद्रांची 'फाइल' अशी चिठ्ठीच असते. शेजाऱ्यांना चहा पाजून वाटेला लावलं.

पण त्या चिठ्ठीतच या रेडिओचा स्वभाव दडलेला आहे, आणि मला तो उशिरापेक्षा महत्त्वाचा वाटतो. साधा रेडिओ म्हणजे दवंडी. पिटणाऱ्याने पिटायची, ज्याला ऐकू येईल त्याने ऐकायची. प्रक्षेपकाच्या टापूत दहा माणसं ऐकत असोत की दहा लाख, विजेचं बिल तेवढंच. एका श्रोत्याची भर पडली तर खर्च शून्य. इंटरनेटवर दवंडी नसते. तिथे प्रत्येक श्रोता चिठ्ठीवरच्या पत्त्यावर जाऊन "मला द्या" म्हणतो आणि त्याला त्याची वेगळी प्रत पाठवली जाते. ६४ हजार बिटांचा कार्यक्रम हजार माणसं ऐकू लागली की सेकंदाला साडेसहा कोटी बिट पाठवावे लागतात. लाख माणसं आली की त्याच्या शंभरपट. म्हणजे श्रोते वाढले की साधा रेडिओ आनंदतो आणि इंटरनेटचा रेडिओ धापा टाकतो. मोठी बातमी असते, सगळे एकदम ऐकायला धावतात, नेमकी तेव्हाच टाकी भरत नाही. एकाच प्रतीला वाटेत फाटे फोडून सगळ्यांना देण्याची एक पद्धतही निघाली होती. पण त्यासाठी मधल्या सगळ्या कंपन्यांच्या यंत्रांनी एकमेकांना साथ द्यावी लागते. सार्वजनिक इंटरनेटवर ती रुजली नाही.

शिवाय प्रत्येकाला वेगळी प्रत द्यायची म्हणजे प्रत्येकाची नोंद आलीच. विविध भारतीला किंवा रेडिओ सिलोनला आपले श्रोते कोण हे फर्माइशीच्या पत्रांवरून कळायचं. झुमरी तलैयाचं नाव देशभर झालं ते त्या पोस्टकार्डांमुळे. जे पत्र लिहीत नसत ते ऐकत होते की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. आता कुठल्या गावच्या जोडणीवरून किती वाजता कोणी लावलं आणि किती वाजता बंद केलं, हे केंद्राच्या यंत्राला कळतं. ऐकणाऱ्यांना मोजता येतं म्हटल्यावर त्यांच्या संख्येवर पैसेही मागता येतात. अमेरिकेत १९९८ च्या कायद्याने इंटरनेट केंद्रांवर गाण्याच्या ध्वनिमुद्रिकेचं मानधन लागू झालं, आणि पुढे ते दर गाण्याला, दर श्रोत्यामागे मोजलं जाऊ लागलं. तिथल्या साध्या रेडिओला ध्वनिमुद्रिकेचं हे मानधन द्यावं लागत नाही. दर वाढले तेव्हा २६ जून २००७ रोजी अनेक इंटरनेट केंद्रांनी निषेध म्हणून दिवसभर मौन पाळलं. ठिकाण कळतं म्हणून ठिकाण बघून दारही लावता येतं. 'हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही' ही पाटी परदेशातल्या क्रिकेटवेड्यांनी हमखास पाहिलेली असते. हवेतल्या लहरीला कोण पासपोर्ट विचारणार होतं?

एवढं ऐकून तुम्हाला वाटेल की हा माणूस इंटरनेट रेडिओच्या विरुद्ध आहे. मुळीच नाही. ताई १९९६ मध्ये अमेरिकेत गेली तेव्हा तिला मराठी ऐकायचं म्हणजे कॅसेटी होत्या. त्या ऐकून ऐकून झिजल्या. आज आकाशवाणीची दोनशेहून जास्त प्रक्षेपणं 'न्यूज ऑन एअर'वरून जगात कुठेही ऐकता येतात. गावातल्या भाताच्या लावणीबद्दलचा कृषी कार्यक्रम ती बाहेर बर्फ पडत असताना ऐकते. तिला शेती करायची नाही. तिला ते शब्द ऐकायचे असतात. २०१६ मध्ये ॲम्स्टरडॅमला तयार झालेलं 'रेडिओ गार्डन' उघडलं तर पृथ्वीचा गोल फिरवून हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवलं की तिथलं केंद्र लागतं. लहानपणी मी शॉर्टवेव्हचा काटा केसभर केसभर सरकवत परदेशी केंद्रं शोधायचो, खरखरीतून चार शब्द लागले तरी धन्य वाटायचं. त्या मुलाला हे दाखवलं असतं तर वेड लागलं असतं.

ऐकायला काही लागतही नाही. पूर्वी रिअल प्लेअर, विनॅम्प असले वेगळे प्रोग्राम घालावे लागत. आता ज्यात आपण वर्तमानपत्र वाचतो त्याच ब्राउझरमध्ये रेडिओ वाजतो. ६४ हजार बिटांचं केंद्र तासाला सुमारे २९ एमबी नेट खातं, म्हणजे व्हिडिओच्या मानाने काहीच नाही. एक ध्यानात ठेवा. मध्येच थांबवून पुन्हा चालू केलंत तर बऱ्याचदा जिथे थांबला होता तिथूनच पुढे वाजतो आणि तुम्ही आणखी मागे पडता. ताजं हवं असेल तर पान नव्याने उघडा. आणि एकाच घरात दोन संगणकांवर एकच केंद्र लावू नका. दोघांच्या टाक्या वेगळ्या भरतात आणि विहिरीत बोलल्यासारखं ऐकू येतं.

माझी तक्रार आहे ती वेगळीच. एक आल्यावर दुसऱ्याची गरज संपली असं आपण फार चटकन धरून चालतो. रेडिओ ऑस्ट्रेलियाने ३१ जानेवारी २०१७ रोजी शॉर्टवेव्ह बंद केलं. बीबीसीच्या हिंदी सेवेचं शॉर्टवेव्हवरचं प्रक्षेपण ३१ जानेवारी २०२० ला संपलं. दोन्हीकडे सांगणं साधारण एकच, ऐकणारे आता इंटरनेटकडे वळले आहेत. ते खरंही आहे. प्रक्षेपक चालवायला पैसा लागतो हेही खरं. पण जो दोन सेलवर ऐकत होता आणि ज्याची मोजदाद कुठेच होत नव्हती, तो कुठे वळला, हे कसं कळणार?

मीही तीच चूक केली. २०१९ च्या दिवाळीत अण्णांना एक लॅपटॉप नेऊन दिला, नेट जोडून दिलं, आकाशवाणी लावून दाखवली. आवाज स्वच्छ, खरखर नाही. मोठ्या रुबाबात म्हटलं, "आता तो डबा काढून टाका." अण्णा काही बोलले नाहीत. लॅपटॉपवर ते बातम्या ऐकायचे. घड्याळ मात्र ट्रान्झिस्टरवरच लावायचे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. आमच्या गावात नारळी-पोफळी मुळासकट पडल्या, विजेचे खांब आडवे झाले, मोबाइल दुपारीच मुका झाला. मी पुण्यात अडकलेला. टाळेबंदीमुळे जिल्हा ओलांडायला पास हवा, आणि घाटातल्या रस्त्यावर झाडं पडलेली. ताईचे न्यू जर्सीहून मला तासातासाला फोन. दोघांचाही अण्णांशी संपर्क नाही. त्यांच्या लॅपटॉपची बॅटरी होती तोवर तो चालू होता म्हणे, पण चिठ्ठी घेऊन जायला रस्ताच नव्हता. टाकी कशाने भरणार?

सहाव्या दिवशी गावातला एक मुलगा माणगावच्या बाजूला आला आणि फोन लागताच त्याने मला कळवलं की घराची कौलं उडाली आहेत, म्हातारा ठीक आहे. आणखी आठवड्याने अण्णांचाच फोन लागला. तेव्हा ताईलाही त्याच फोनवर जोडून घेतलं. ती रडतच होती. तिने सांगितलं की त्या रात्री तिने जागून आकाशवाणीच्या मराठी बातम्या ऐकल्या, श्रीवर्धनचं नाव ऐकलं आणि तिच्या पोटात गोळा आला. अण्णा म्हणाले, "त्या मीही ऐकल्या. पिठाच्या डब्यामागे ट्रान्झिस्टर होता. पडवीत सगळी आळी ऐकायला बसली होती."

मुंबईच्या मध्यम लहरी खाऱ्या पाण्यावरून फार छान प्रवास करतात, त्यामुळे आमच्या किनाऱ्यावर मुंबई नेहमीच खणखणीत लागते. पण हे मी त्या वेळी सांगत बसलो नाही. ताईने डोळे पुसले असावेत. तिने विचारलं, "आणि ओटीवरचं घड्याळ?"

"भिंत भिजली, पण ते पडलं नाही," अण्णा म्हणाले. "बंद पडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सोडलं."